चाळीस साइजचा माणूस

खेमू, चूक माझी होती. तुझ्या चेहऱ्याची नव्हती, नशिबाची नव्हती आणि मुंबईच्या उन्हाची तर नव्हतीच. तुझे फोटो मी गोरे केले होते, आणि तू सरळ विचारलंस तेव्हा मी सरळ नाही म्हणालो होतो.

तुला हे सांगून झालेलं आहे. पण ते आपल्या दोघांतच राहिलं. आता फुलचूरला तुमच्या घरी बसायला येणारा जो तो मला म्हणतो, "विजयभाऊ, तुम्ही फोटो काढले म्हणून पोरगा मुंबईले लागला." मी मान खाली घालून चहा पितो. तुझी माय, म्हणजे काकू, माझ्याकडे कौतुकाने पाहतात. तुझ्या तेरवीच्या दिवशी तुझ्या मामांनी चारचौघांत माझा हात धरून आभार मानले. त्या संध्याकाळी कुडव्याला घरी परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि ठरवलं की हे लिहायचं. तुझ्याशी बोलतो तसं लिहिलं, तर निदान सारवासारव होणार नाही.

आपल्या गोंदियात स्टुडिओवाल्याचं पोट कशावर चालायचं ते तुला वेगळं सांगायला नको. लग्न-बारसं ही मोसमी कामं. बारा महिने चालायचा तो स्थळाचा फोटो. पोरगी किंवा पोरगा आईबापाबरोबर यायचा, पावडर लावून स्टुलावर बसायचा, आणि फोटो काढून झाला की बाप जरा मागे रेंगाळून हळूच म्हणायचा, "भाऊ, जरा साफ करजो." साफ म्हणजे गोरा. माझ्या वडिलांच्या काळी हे काम निगेटिव्हवर पेन्सिलीने व्हायचं, मी दुकान हाती घेतल्यावर कॉम्प्युटर आणला. त्याला मी फसवणूक समजत नव्हतो. पोरगी पाहायला निघालेली माणसं फोटोतल्या रंगातून मनातल्या मनात दोन छटा वजा करूनच निघायची. फोटोवाल्याला माहीत, बापाला माहीत, पाहुण्यांना माहीत. रिवाजच होता तो. मुंबईच्या लोकांना हा रिवाज माहीत नव्हता. आणि मुंबईला जसाच्या तसा चेहरा लागतो, हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या डोक्यात मॉडेलिंग शिरलं ते मात्र माझ्यामुळे नाही. ते त्या कापडवाल्या सेठमुळे. नव्याण्णवच्या दिवाळीला तू त्याच्या दुकानात हंगामी कामाला होतास. दारातल्या पुतळ्याचा हात मोडला आणि सेठने तो ब्लेझर तुझ्या अंगावर चढवून तुला दारात उभं केलं. "तू बस खड़ा रह. बेचना मत, तेरे को बेचना नहीं आता." मी समोरच्या टपरीवर पान खात उभा होतो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून पाहत होती. एक म्हातारा जवळ येऊन तुझी बाही चिमटीत धरून कापड पाहायला लागला, आणि तू पापणी हलवली तसा दचकून मागे सरला. दिवाळी संपेपर्यंत तसले ब्लेझर दुकानात उरले नाहीत. तू मला म्हणालास, "विज्या, मले हे जमते बे. उभं राहणं."

तुझ्या वडिलांना, बाबूजींना, तू हे सांगितलंस तेव्हा मी तिथेच होतो. ते बांधावरून आले होते, पाय चिखलाचे. शांतपणे म्हणाले, "उभं राहून कोण पोट भरते रे? बगळा भरते." काकू पदरात तोंड लपवून हसल्या. तूही हसलास. मी सगळ्यात जास्त हसलो, आणि मग तुझी बाजू घेऊन त्यांच्याशी भांडलो. तेवढं एक मी बरं केलं.

चालायचा सराव तू राइस मिलच्या सिमेंटच्या अंगणात करायचास, उकडलेलं धान वाळत घालतात तिथे. दोन राशींच्या मधली मोकळी पट्टी हाच तुझा रॅम्प. डोक्यावर वही ठेवून, हनुवटी सरळ, नजर पार पलीकडच्या भिंतीवर. धान पालटणाऱ्या बाया काम थांबवून पाहायच्या. त्यातली एक ओरडली होती, "काऊन गा भाऊ, पायात काटा मोडला का?" दुसरी म्हणाली, "काटा नाही वो, नवी चप्पल चावून राहिली त्याले." तू वळलास, त्यांच्यासमोर येऊन थांबलास, कमरेवर हात ठेवलास आणि तसाच परत गेलास. त्यांनी टाळ्या पिटल्या. पुढे तू मुंबईत काय काय केलंस ते मी पाहिलं नाही, पण तेवढं सुंदर चाललेलं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

तू काळा होतास, खेमू. नीट काळा, भिजलेल्या मातीसारखा. डाव्या भुवईत लहानपणी बैलाच्या शिंगाने झालेली खूण होती. उंच होतास, आणि उन्हात उभा राहिलास की गालाच्या हाडावर उजेड असा बसायचा की कॅमेऱ्यातून पाहताना मी श्वास धरायचो. मिलमध्ये, कोंड्याच्या ढिगापाशी, नवेगावच्या तलावावर, असे दोन दिवस आपण फोटो काढले. माझ्या हातून त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर तसं काम झालेलं नाही. आणि मग मी ते कॉम्प्युटरवर घेतले आणि साफ केले.

कुणी सांगितलं नव्हतं. तू नाही, बाबूजींनी नाही. हाताला सवय होती. शिवाय, खरं सांगतो, प्रेमही होतं. जवळच्या माणसाचं काम म्हणून मी जास्तच मन लावून केलं. भुवईची खूण भरली, जबडा थोडा कोरला, रंग इतका उजळला की नाक वेगळंच दिसायला लागलं. अल्बम हातात घेऊन तू बराच वेळ पाहत राहिलास.

"हा मीच का बे?"

"मंग कोण, तुझा सासरा?"

"लय गोरा दिसून राहिलो."

"लायटिंग म्हणतात त्याले. तुले नाही समजत त्यातलं."

तू विश्वास ठेवलास. मुंबईला गेलास.

मुंबईहून तुझा फोन आला तो दुपारी. दुकानात गिऱ्हाईक होतं. तू सांगितलंस की एका एजन्सीत बाईंनी अल्बम उघडून तुझ्या तोंडाशेजारी धरला आणि विचारलं, ये कौन है? तू म्हणालास, मैं हूँ. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्याचे फोटो घेऊन येतात पोरं, वेळ वाया घालवतात, म्हणाल्या, आणि अल्बम मिटला. दुसऱ्या ठिकाणीही तसंच झालं होतं.

"विज्या, तू फोटोत काही केलं का?"

समोर गिऱ्हाईक बसलं होतं हे कारण नाही. मी एकटा असतो तरी तेच बोललो असतो. तुझ्यासमोर मी कलाकार होतो, आणि मला तसंच राहायचं होतं. म्हणालो, "नाही बे. काहीच नाही केलं. तिकडच्या उन्हानं तूच काळवंडला असशील."

तू म्हणालास, "असं होऊ शकते." आणि फोन ठेवलास.

त्या एका वाक्याने तुझं काय झालं हे मला पुढच्या दिवाळीला कळलं. तू स्टुडिओत आलास तो तोंडाला दुपट्टा बांधून. मला वाटलं, धुळीमुळे. आत येऊन दुपट्टा सोडलास. चेहरा गुलाबी-पांढरा झाला होता, चमकत होता, आणि कपाळावर, गालांवर बारीक लाल पुरळ. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली क्रीम तू वर्षभर लावत होतास. खोलीतल्या आरशाला मी काढलेला तुझा फोटो चिकटवला होतास, म्हणालास, आणि रोज शेजारी उभा राहून पाहायचास. मग हसून विचारलंस, "आता झालो का फोटोसारखा?"

खेमू, त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग मी दुकानातल्या पोराला हाक मारून चहा सांगितला.

ती क्रीम सोडल्यावर चेहरा अधिकच पेटला. त्वचेच्या डॉक्टरांनी तुला झापलं, की हे औषध आहे, पावडर नाही, डॉक्टरला न विचारता लावायचं नसतं. उन्हात पाय ठेवला की आग. काकू तुला ओसरीवर अंधारात बसवायच्या आणि ओल्या फडक्याने तोंड टिपायच्या. त्या म्हणायच्या, "माझ्याच पोटी असा काळा जन्मला, म्हणून हे सारं." मी पायरीवर बसून हे ऐकलं आहे. डाग पुढे फिकट झाले, पण गेले नाहीत. जवळून फोटो काढायचा चेहरा राहिला नाही, हे तुला माझ्या आधी कळलं. तू कॅमेऱ्यासमोर यायचंच सोडलंस. लग्नाच्या फोटोतही तू मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड.

बाबूजी म्हणाले, आता शेती पहा. तू एक हंगाम पाहिलीस आणि परत गेलास. मी विचारलं, "आता कायले जातो बे? तोंड असं झालं." आजही ते वाक्य आठवलं की मी वाचत असलेलं पान बाजूला ठेवतो. तू म्हणालास, "तोंड गेलं. बाकी तं आहे."

आणि बाकीच्यानेच तुला तारलं. सुटाच्या कापडाच्या एका पोस्टरसाठी पाठमोरा माणूस हवा होता. त्या शूटिंगला आलेल्या कटिंग मास्तरने तुझ्या पाठीवरून दोन वेळा हात फिरवला आणि म्हणाला, दोनों कंधे बराबर हैं, ऐसा कहाँ मिलता है. बहुतेक माणसांचा एक खांदा खाली असतो, हे मला तेव्हा समजलं. त्याने तुला एका शर्टाच्या कारखान्यात नेलं. नवा शर्ट बाजारात यायच्या आधी त्याचा नमुना शिवतात आणि तो जिवंत माणसाच्या अंगावर घालून पाहतात. पुतळा खाली बसत नाही, वाकत नाही, बसमध्ये दांडा धरत नाही. माणूस लागतो, आणि तो बरोब्बर मापाचा लागतो. त्याला फिट मॉडेल म्हणतात. तू चाळीस साइजचा झालास. तुझ्या अंगावर बसलेला शर्ट पास, मग त्याच्यावरून बाकीच्या सगळ्या साइज.

गावात हे कुणाला समजावता आलं नाही. "टेलरचा पुतळा झाला म्हणते खेमराज," असं लोक म्हणायचे. तूच ते सगळ्यांत आधी म्हणायचास म्हणून कुणाला मजा यायची नाही. पण ते काम किती अवघड होतं! पोट वाढलं तर नोकरी गेली, पोट आत गेलं तरी गेली. जिममध्ये जाऊन दंड फुगवायचे नाहीत, कारण दंड फुगला की देशभरच्या बाह्या बदलतील. टाचण्या, खडू, तासन्‌तास उभं राहणं, श्वास धरून छाती न फुगवणं. दिवाळीत काकू अनरशांचं ताट पुढे करायच्या आणि तू म्हणायचास, "माय, अर्धाच देजो."

"उपाशी मारते का रे तुहा मालक?"

"मालक नाही माय, टेप मारते."

तिथेच सुषमा भेटली, नमुन्याचे शर्ट शिवणारी. ती म्हणायची की तुझं माप तिला पाठ झालं म्हणून तिने लग्न केलं, नवं माप घ्यायचा कंटाळा होता.

तिरोड्याच्या त्या लग्नात तू केलेला प्रकार मी किती जणांना सांगितला असेन. जेवणाच्या रांगेत आपण उभे, पुढे एक अनोळखी गृहस्थ. तू माझ्या कानाशी आलास, "विज्या, हा खांदा माझा होय." मी म्हटलं, कोणता? "समोरच्याचा. पाह्य न, शिवण बरोबर हाडावर बसून राहिली." आणि मी अडवायच्या आत तू त्यांना म्हणालास, "भाऊ, जरा हात वर करा न."

"कायले जी?"

"काखेत ओढते का?"

त्या बिचाऱ्याने हातातल्या ताटासकट हात वर केला. "नाही तं."

"मंग बरं. जेवा."

त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे डॉक्टर होत का?" मी हो म्हटलं. पुढे रांगेत तू शर्टच पाहत होतास आणि तुझ्या डागाळलेल्या तोंडावर असं समाधान होतं, जसं बाबूजींच्या तोंडावर धान लोंबीत आल्यावर असायचं. त्या मांडवात तुला ओळखणारे चार-सहाच होते, आणि तुझे खांदे मात्र कितीजण घालून फिरत होते.

मी कबुली दिल्यानंतर तू दोन महिने माझा फोन उचलला नाहीस. मला ते बरोबर वाटलं. मग एका सकाळी तूच फोन केलास. "कापणी झाली का बे?" एवढंच. त्याच्यानंतरची वर्षं आपल्याला मिळाली, आणि ती चांगली वर्षं होती. हे मी तुझ्या फोटोकडे पाहत, मन शांत ठेवून लिहू शकतो. वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, मी ते केलं नसतं तर तू आज मोठ्या होर्डिंगवर असतास. तू म्हणायचास, "किंवा पहिल्याच महिन्यात वापस आलो असतो, भुवईच्या खुणेपायी. जे झालंच नाही त्याचा फोटो काढतो का तू?" मी म्हणायचो, तू मला सोडवायला हे बोलतोस. तू म्हणायचास, "तू आहेच कोण, तुले सोडवायले?" मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं. तू नाहीस, म्हणून मी हा वाद जिंकलो असं होत नाही.

दिवाळीला आलास की तू माझ्या दुकानात बसायचास, आणि मॉडेल व्हायचंय म्हणून फोटो काढायला येणारी पोरं-पोरी आता तुझ्या स्वाधीन व्हायची. केशोरीची ती मुलगी आठवते? बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेली, उंच, तोंडावर पावडरचा थर. बाप तुला म्हणाला, "पोरगी म्हणते मॉडेलच व्हाचं. काय काय लागते जी त्याले?"

"पहिले तं जेवण लागते," तू म्हणालास. "दोन वेळचं, वेळेवर. न जेवता उभं राहता येत नाही." मग तिला म्हणालास, "जाय, तोंड धुऊन ये. केस मागे बांध. खिडकीजवळ उभी राय. समोरून एक, बाजूनं एक, पाठीमागून एक. एवढेच फोटो लागतात. अल्बम-बिल्बम नाही लागत."

बापाला तुझं हे पटेना. "बस एवढंच?"

"हे फोटोचं झालं. मंग 'नाही' ऐकाची सवय लागते. दिवसभर लाइनीत राहाचं आन ते तोंडाकडे न पाहता म्हणतात, नेक्स्ट. त्या दिवशी घरी येऊन आरशात खोट शोधाची नाही. त्याईले जे पाहिजे होतं ते तुझ्यापाशी नव्हतं, बस. आन जो कोणी काम द्यायच्या आधी पैसे मागल, तिथून चप्पल घालून निघाचं. एकटीनं जायचं नाही, बापाले नाहीतर मायले संगं न्यायचं."

मुलगी तोंड धुऊन आली होती. सावळी, रेखीव. तिने तुला नाही, मला विचारलं, "काका, माझा रंग असाच चालते का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मदत केली नाहीस. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि म्हणालो, "चालते बाई. असाच ठेव." ते तीन फोटो मी कॉम्प्युटरवर उघडले आणि हात न लावता छापून दिले. पुढे तिला नागपूरच्या साड्यांच्या कॅटलॉगमध्ये काम मिळत गेलं. तू गेल्याचं कळल्यावर ती भेटायला आली होती.

तुझा हाराचा फोटोही मीच दिला. तुझा अलीकडचा चेहरा दिसेल असा एकच फोटो माझ्याकडे होता, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या ओसरीवर तू काढू दिलेला. डाग, भुवईची खूण, सगळं जिथल्या तिथे. मामा म्हणाले, "विजयभाऊ, तुम्ही तं कॉम्प्युटरवाले. जरा साफ करून आणाचा होता." काकूंनीच चष्मा पुसून फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "असाच होता. राहू द्या."

बाबूजी तुझ्या आधी गेले, ते एका अर्थी बरं झालं. सुषमा सावरते आहे. तापाचं निमित्त झालं आणि तू चार दिवसांत गेलास, हे तिला अजून खरं वाटत नाही. कारखान्याच्या मास्तरचा मला फोन आला होता. तो नुसता म्हणत राहिला, नया आदमी कहाँ से लाऊँ.

त्याच मास्तरमुळे माझं तोंड उघडलं होतं. ते कसं झालं तेवढं सांगतो आणि थांबतो.

नवा प्रिंटर पाहायला मी मुंबईला आलो होतो आणि तू मला तुझं काम पाहायला कारखान्यात नेलंस. तू पाटावर उभा, अंगात अर्धा शिवलेला निळा शर्ट. मालक खुर्चीत बसून म्हणाला, बढ़िया है, पास करो. मास्तरने तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटलेस, हात पुढे घेतले, मागे घेतले. "दाहिनी तरफ, पीछे, थोड़ा काट रहा है."

"दिखता तो नहीं," मालक म्हणाला.

"दिखता नहीं, पर है."

मास्तरने शिवण उसवली. मालक चिडून उठून गेला. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाला, "दूसरे लड़के साहब के सामने सब अच्छा बोलते हैं. फिर माल वापस आता है. ये बोल देता है." तू मान वळवून माझ्याकडे पाहून हसलास, लाजल्यासारखा. मला तिथे उभं राहवेना.

जेवणाच्या सुट्टीत आपण मागच्या जिन्यावर बसलो. सुषमाने दिलेला डबा तू उघडलास, अर्धी भाजी माझ्या पोळीवर घातलीस. मी म्हणालो, खेमू, एक सांगायचं आहे. आणि सांगायला लागलो. की नवा कॉम्प्युटर होता. की आपल्याकडे सगळेच साफ करतात. की मुंबईचं कुणाला काय माहीत. की फोन आला तेव्हा गिऱ्हाईक होतं. की मी तुझ्या भल्यासाठीच. तू खायचं थांबलास.

मग तू म्हणालास, "त्या बाईनं सांगितलं होतं मले, फोटो बनवलेले आहेत म्हणून. मी तिच्याशी भांडलो बे. म्हटलं, माझा दोस्त असा नाही. त्यानं मले फोनवर सांगितलं आहे."

मी पुन्हा सुरू झालो. रिवाज, वडिलांची पेन्सिल, बाजार. तू हात वर केलास.

"विज्या, तू माफी मागून राहिला का वकिली करून राहिला? कुठं काटते तेवढं सांग न."

खाली मशीनचा आवाज थांबला होता. जिन्यावर आपण दोघंच. मी हातातली पोळी डब्यात ठेवली.

"खेमू, तुझे फोटो मी बिघडवले. तू विचारलं तेव्हा खोटं बोललो. तू माझ्या खोट्यापायी तोंड जाळून घेतलं, ते मी पाहिलं, आन चहा मागवला. चुकी माझी होय. दुसऱ्या कोणाचीच नाही. मले माफ कर."